हरल्यावरचा हिशेब

सामना संपला की खेळाडू घरी जातात. पण बघणाऱ्यांचा सामना तिथून पुढे सुरू होतो. पारावर, चहाच्या दुकानात, शाळेच्या ओट्यावर दोन तट पडतात. ‘अमक्याने घात केला’ असे एक म्हणतो, ‘तमक्याला संघात घेतलेच कशाला’ असे दुसरा विचारतो. यात वाईट काही नाही. ज्याला खेळाची गोडी आहे तो बोलणारच. पण हे बोलणे कुठवर जाऊ शकते, याची एक हकिगत मी आज तुम्हाला सांगणार आहे. ती आपल्याकडची नाही. दक्षिण अमेरिकेतल्या ब्राझील देशात, नव्वद मिनिटांच्या एका फुटबॉल सामन्यावरून उठलेला वाद पन्नास वर्षे चालला, आणि त्यात एका भल्या माणसाचे आयुष्य करपून गेले.

महायुद्धामुळे फुटबॉलची जागतिक स्पर्धा बारा वर्षे भरली नव्हती. १९५० साली ती ब्राझीलने आपल्या घरी भरवली. त्यासाठी रिओ द जानेरो शहरात माराकाना नावाचे प्रचंड क्रीडांगण बांधले. तेरा देशांचे संघ आले. आपल्या देशाचे नावही एका गटात घातलेले होते, पण आपला संघ गेला नाही. शेवटच्या फेरीत चार संघ उरले: ब्राझील, उरुग्वे, स्वीडन आणि स्पेन. प्रत्येकाने बाकीच्या तिघांशी खेळायचे आणि ज्याचे गुण जास्त तो जगज्जेता, असा नियम होता.

ब्राझीलने स्वीडनला ७-१ असे लोळवले, स्पेनला ६-१ असे. उरुग्वेने मात्र स्पेनशी कशीबशी बरोबरी केली आणि स्वीडनला एका गोलाने हरवले. आता शेवटचा सामना ब्राझील आणि उरुग्वे यांचा. ब्राझीलला जिंकायचीही गरज नव्हती. बरोबरी झाली तरी चषक त्यांचाच.

मग काय विचारता! सामन्याआधीच विजय साजरा होऊ लागला. वर्तमानपत्रांनी आपल्या खेळाडूंना जगज्जेते म्हणून टाकले. निवडणुकीचे वर्ष होते. खेळाडूंचा मुक्काम शहराबाहेरच्या निवांत जागेतून गजबजलेल्या ठिकाणी हलवला गेला, आणि तिथे पुढाऱ्यांची रीघ लागली. सामना सुरू होण्यापूर्वी रिओच्या नगरप्रमुखांनी ध्वनिक्षेपकावरून भाषण केले, त्यातही खेळाडूंचा विजयी वीर म्हणूनच गौरव केला. पोर पाळण्यात, आणि बारशाचे जेवण आटोपलेले, असा प्रकार.

१६ जुलै १९५०, रविवार. नुसती तिकिटे काढून आत आलेले प्रेक्षक १,७३,८५०. एकूण मेळा दोन लाखांच्या घरातला. मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही. मध्यंतर संपताच ब्राझीलच्या फ्रियासाने गोल केला आणि मैदान दणाणून गेले. तेव्हा उरुग्वेचा कप्तान ओब्दुलिओ वारेला याने काय करावे? तो चेंडू काखेत घेऊन सावकाश चालत पंचांकडे गेला आणि वाद घालत उभा राहिला. गोल रद्द होणार नाही हे त्याला ठाऊक होते. त्याला फक्त वेळ हवा होता. लोकांचा उन्माद ओसरला, त्याच्या गड्यांचा श्वास जागेवर आला, आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

सहासष्टाव्या मिनिटाला उरुग्वेचा घिग्गिया उजव्या अंगाने चेंडू घेऊन पळाला. ब्राझीलच्या बिगोदेला त्याने मागे टाकले आणि चेंडू गोलासमोर दिला. स्कियाफिनोने तो जाळ्यात मारला. बरोबरी झाली. तेरा मिनिटांनी घिग्गिया पुन्हा त्याच वाटेने आला. ब्राझीलचा गोलरक्षक मोआसिर बार्बोसा याने ताडले की हा पुन्हा मध्ये देणार. म्हणून तो एक पाऊल त्या बाजूला सरला. घिग्गियाने नेमके तेवढ्यात खांब आणि गोलरक्षक यांच्यामधल्या फटीतून चेंडू आत घातला. उरुग्वे २, ब्राझील १. तसाच सामना संपला.

एवढा मोठा जमाव, पण स्मशानशांतता पसरली. देशभर लोक रेडिओभोवती बसून रडले. बाउरू नावाच्या गावात नऊ वर्षांच्या एका पोराने आपल्या बापाला रडताना पाहिले आणि ‘मी तुम्हाला हा चषक आणून देईन’ असे वचन दिले. तो पोरगा म्हणजे पुढचा पेले. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जिंकलेला कप्तान वारेला त्या रात्री रिओच्या एका मद्यालयात गेला, हरलेल्या लोकांमध्ये बसला आणि त्यांचे दुःख पाहून त्यालाच वाईट वाटले, असे त्याने पुढे सांगितले आहे.

दुसऱ्या दिवसापासून वाद सुरू झाला. कोणामुळे हरलो? कोणी म्हणाले, बार्बोसामुळे. कोणी म्हणाले, घिग्गियाला मोकळा सोडणाऱ्या बिगोदेमुळे. तिसऱ्याने बचावफळीतल्या जुवेनालचे नाव घेतले. वारेलाने बिगोदेला थोबाडीत मारली आणि बिगोदेने ती मुकाट्याने सोसली, अशी आवई उठली. दोघांनीही ती नाकारली. पण आवईला पाय फुटले की तिला कोण अडवणार? काहींनी तर खेळाडूंच्या पांढऱ्या शर्टालाच दोष दिला.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ज्या तिघांवर ठपका आला ते तिघेही काळ्या वर्णाचे होते. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली १८८८ साली, म्हणजे या सामन्याच्या अवघी बासष्ट वर्षे आधी. ‘काळ्या माणसाचे काळीज ऐन वेळी कच खाते’ ही समजूत लोकांच्या मनात दबा धरून बसलेली होती. पराभव झाला आणि तिला बाहेर यायला निमित्त मिळाले. हे त्याच देशातल्या एका माणसाने ओळखले. मारिओ फिल्यो हे त्याचे नाव. माराकाना बांधले जावे म्हणून हाच पत्रकार झटला होता. ब्राझीलच्या फुटबॉलमधल्या काळ्या खेळाडूंवर त्याने १९४७ साली ग्रंथ लिहिला होता. १९६४ च्या आवृत्तीत त्याने लिहिले की त्या पराभवाचे ओझे काळ्या खेळाडूंच्या माथी मारले गेले. आज ते क्रीडांगण अधिकृतपणे त्याच्याच नावाने ओळखले जाते.

शिक्षकबंधूंनो, आपण फळ्यावर गणित मांडतो तसा या सामन्याचा हिशेब मांडून पाहू. साऱ्या स्पर्धेत ब्राझीलचे सहा सामने झाले. त्यांनी बावीस गोल केले आणि सहाच खाल्ले. म्हणजे गोलरक्षक कच्चा नव्हता. शेवटच्या फेरीतल्या पहिल्या दोन सामन्यांत आघाडीच्या फळीने तेरा गोल केले होते, आणि निर्णायक सामन्यात एकच. मग आघाडीच्या फळीला कोणी का विचारले नाही? स्पर्धेत सर्वांत जास्त गोल करणारा आदेमीर त्या दिवशी कोरडाच राहिला. त्याचे नाव कोणी का घेतले नाही?

दुसरी बाब. बार्बोसाने जे केले ते वेंधळेपणाने केले नाही. तेरा मिनिटांपूर्वी जे घडले त्यावरून त्याने अंदाज बांधला, आणि तो अंदाज शहाणपणाचा होता. समोरच्याने ऐन वेळी बेत बदलला. अंदाज चुकणे निराळे आणि गुन्हा करणे निराळे.

तिसरी बाब तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. याच उरुग्वेशी ब्राझील त्याच वर्षी मे महिन्यात तीन सामने खेळला होता. पहिला उरुग्वेने ४-३ असा जिंकला होता. पुढचे दोन ब्राझीलने जिंकले, पण एकेका गोलानेच. उरुग्वे हा १९३० सालचा जगज्जेता, आणि त्याआधी दोनदा ऑलिम्पिक जिंकलेला. म्हणजे सामना बरोबरीच्या गड्यांचा होता. हरले ते बरोबरीच्या गड्याकडून हरले. पण स्वीडन आणि स्पेन यांच्यावरच्या विजयाची धुंदी अशी चढली की हे कोणाला आठवलेच नाही.

लोक विसरले, पण बार्बोसाला विसरू दिले नाही. देशासाठी त्याला पुढे एकच सामना खेळायला मिळाला. खेळणे थांबल्यावर पोटासाठी त्याने त्याच माराकानाच्या आवारात नोकरी केली. एकदा दुकानात एका बाईने आपल्या लहानग्याला त्याच्याकडे बोट करून दाखवले आणि साऱ्या ब्राझीलला रडवणारा तो हाच, असे सांगितले. हे त्याने स्वतःच पुढे सांगितले. १९९३ साली तो राष्ट्रीय संघाच्या शिबिराला भेट द्यायला गेला, तर अपशकुन नको म्हणून त्याला दारातूनच परत पाठवले, असे वृत्त आहे. आमच्या देशात मोठ्यातल्या मोठ्या गुन्ह्याला तीस वर्षांची शिक्षा आहे, मी पन्नास वर्षे भोगतो आहे, अशा अर्थाचे तो अखेरीस बोलला. ७ एप्रिल २००० रोजी तो वारला.

मग पराभवावर बोलूच नये काय? बोलावे, जरूर बोलावे. त्याचाही दाखला ब्राझीलमध्येच आहे. १९५३ साली एका वर्तमानपत्राने नव्या शर्टासाठी स्पर्धा लावली. विशीही न गाठलेल्या एका तरुणाचा पिवळा शर्ट निवडला गेला. गंमत अशी की तो पोरगा सरहद्दीजवळचा, आणि मनाने उरुग्वेचा पाठीराखा! १९५४ सालीही यश आले नाही. मात्र १९५८ साली जायची वेळ आली तेव्हा निराळी तयारी झाली. संघाबरोबर वैद्य होते. खेळाडूंची प्रकृती तपासली, दातांवर उपचार झाले, मुक्कामाची जागा आधी पाहून ठरवली. कोणामुळे हरलो हा प्रश्न मागे पडला, आणि काय कमी पडते हा पुढे आला. २९ जून १९५८ रोजी ब्राझीलने स्वीडनला त्यांच्याच घरी ५-२ असे हरवले. त्यात सतरा वर्षांच्या पेलेचे दोन गोल. पेले काळा, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला दिदीही काळा. आणि शर्ट? स्वीडनचाही शर्ट पिवळाच असल्यामुळे ब्राझील त्या दिवशी निळे शर्ट घालून खेळले. शर्टाच्या रंगाचा आणि माणसाच्या रंगाचा, दोन्ही वादांचा निकाल एकाच दिवशी लागला.

तरीही बार्बोसाची शिक्षा त्या दिवशी संपली नाही, हे लक्षात ठेवा. देशाने पाच वेळा चषक जिंकला. पण तो विजय पाहूनही लोकांनी त्याला मोकळे केले नाही. ८ जुलै २०१४ रोजी, पुन्हा आपल्याच घरी भरलेल्या स्पर्धेत, ब्राझील जर्मनीकडून ७-१ असे हरले. तेव्हा कित्येकांना वाटले की १९५० च्या संघावर आपण अन्याय केला. तो निदान एका गोलाने तरी हरला होता. पण ते ऐकायला बार्बोसा उरला नव्हता.

श्रोतेहो, तुमच्या गावचा संघ तालुक्याला जाऊन हरून येईल तेव्हा वाद जरूर घाला. पण ज्या मुलाच्या हातून शेवटची चूक झाली, तो त्या वेळी कुठे बसला आहे ते आधी पाहा. शिक्षकांनी तर त्याला जवळ बोलवावे आणि पुढच्या सामन्यात त्याच जागेवर खेळवावे. मग बाकीच्यांना विचारावे: सराव किती झाला? समोरच्या संघाचा खेळ कोणी पाहून ठेवला होता? जिंकण्याआधीच आपण गुलाल आणून ठेवला होता काय? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की वाद कारणी लागला असे समजावे.