हो, नाही आणि लागेल तेव्हा

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला ‘माझ्या कामातली एक गोष्ट’ असा विषय दिला आहे आणि वेळ पंधरा मिनिटं. माझ्या आधी डॉक्टर मित्राने हृदयाची गोष्ट सांगितली, शेतकरी मित्राने आल्याच्या पिकाची सांगितली. दोन्ही सगळ्यांना कळल्या. माझी पंचाईत अशी आहे, की मी जे काम करते ते संगणकाच्या पडद्यावरसुद्धा दिसत नाही. माझ्या आईला अजून वाटतं की मी ‘टायपिंगचं मोठं काम’ करते.

तर आधी कर्नल म्हणजे काय ते सांगते. लष्करातला नव्हे. आपल्या शाळेतले शिपाईमामा आठवा. मुख्याध्यापकांची खोली सगळ्यांना दिसायची, पण घंटा कधी द्यायची, कोणती खोली कोणत्या किल्लीने उघडते, नकाशे कुठे आणि खडू कुठे, हे मामांनाच माहीत. मामा आले नाहीत तर शाळा भरणारच नाही. संगणकात हे काम कर्नल करतो. तुम्ही कळ दाबली, फाइल उघडली, छपाई केली, की प्रत्येक वेळी कुठला भाग कसा हलवायचा ते तो पाहतो. लिनक्स नावाचा कर्नल १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केला. त्याचा सगळा मजकूर कुणालाही वाचायला आणि बदलायला खुला आहे. त्यामुळे आपल्या यंत्राला हवा तसा कर्नल आपल्यालाच बांधून घेता येतो. आजची गोष्ट अशाच एका बांधकामाची आहे.

२००८ मध्ये बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. मी पुण्यातली नोकरी सोडून मुलीला घेऊन इथे कऱ्हाडला आले. सहा महिन्यांसाठी म्हणून आलेली मी दोन वर्षं राहिले. बाबांचं औषधपाणी, व्यायाम, मुलीची बालवाडी, यात दिवस जायचा. रात्री मात्र एक भीती वाटायची. आमच्या क्षेत्रात दोन वर्षं म्हणजे फार मोठा काळ. परत गेले तर कोण उभं करणार, आणि केलंच तर मला काय येत असेल?

२००९ च्या दिवाळीत नवऱ्याने पुण्याहून एक पेटी आणली. ऑफिसमधून मोडीत काढलेलं यंत्र होतं, सन मायक्रोसिस्टिम्सचं ‘अल्ट्रा ५’. १९९८ मध्ये बाजारात आलं तेव्हा इंजिनियर लोक त्यावर आराखडे करायचे. आमच्या हाती आलं तेव्हा त्याला भंगाराचा भाव होता. प्रोसेसर ३६० मेगाहर्ट्‌झ, मेमरी २५६ मेगाबाइट. पण आपल्या घरातल्या पीसीपेक्षा त्याची जातकुळी वेगळी होती. त्यातला प्रोसेसर स्पार्क जातीचा, चौसष्ट बिटांचा.

एक गंमत सांगते. आपण मराठीत ‘पंचेचाळीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी आणि चाळीस नंतर. लिहिताना मात्र चार आधी, पाच नंतर. संगणकांतही असेच दोन पंथ आहेत. आपले नेहमीचे पीसी मोठी संख्या मेमरीत ठेवताना आपल्या बोलण्यासारखी ठेवतात, धाकटा भाग आधी. स्पार्क आपल्या लिहिण्यासारखी ठेवतो, थोरला भाग आधी. त्यामुळे एका पंथावर बिनघोर चालणारा, पण निष्काळजीपणे लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर चुकीचे आकडे देतो. नोकरी असताना हे मी पुस्तकात वाचलं होतं. आता प्रत्यक्ष हाताखाली होतं. मी ठरवलं, या यंत्रासाठी कर्नल स्वतः बांधायचा.

काम तसं सरळ असतं. आधी यंत्रात कोणते भाग आहेत त्याची यादी करायची. मग कर्नल एकेक प्रश्न विचारतो : हा भाग आहे का, ही सोय हवी का? असे हजारो प्रश्न. बहुतेकांना तीन उत्तरं असतात. ‘हो’ म्हटलं की ते कर्नलच्या पोटातच बसतं. ‘नाही’ म्हटलं की वगळलं जातं. तिसरं उत्तर ‘लागेल तेव्हा’. म्हणजे तो तुकडा वेगळा डिस्कवर ठेवायचा आणि गरज पडली की बोलवायचा. प्रत्येक प्रश्नाखाली थोडी माहिती असते आणि बऱ्याच ठिकाणी शेवटी एक सल्ला : खात्री नसेल तर ‘नाही’ म्हणा.

माझ्या यंत्रात एकच प्रोसेसर, म्हणून अनेक प्रोसेसरांच्या सोयीला नाही. यूएसबी नव्हतंच, नाही. ब्लूटूथ, टीव्ही कार्ड, बिनतारी नेटवर्क, सगळ्याला नाही. पडद्यासाठी एटीआयच्या चिपला हो. नेटवर्कच्या चिपचं नाव होतं ‘हॅपी मील’. हो, तेच, लहान मुलांच्या खाण्याच्या डब्याचं. तिलाही हो.

हे वाचायला सोपं, पण बांधायला त्या यंत्राला सलग अनेक तास लागायचे. आणि ते दिवस कसले होते आठवतंय ना? लोडशेडिंगचे. सकाळी वीज जायची, संध्याकाळी पुन्हा जायची. एरवी यानेही बिघडत नाही. अर्धं झालेलं काम डिस्कवर असतं. वीज आली की बांधणारा प्रोग्राम प्रत्येक फाइलची वेळ बघतो आणि जे राहिलं असेल तिथून पुढे सुरू करतो. पण या यंत्राचं घड्याळच मेलं होतं. सनच्या यंत्रात एक काळी चिप असते. तिच्यात घड्याळ, यंत्राची ओळख आणि नेटवर्कचा पत्ता असतो, आणि हे सगळं जपणारी बॅटरी चिपच्या आतच बंद केलेली असते. दहा-बारा वर्षांनी ती बॅटरी संपते. मग प्रत्येक वेळी वीज गेली की यंत्र स्वतःचं नाव विसरतं आणि जुन्याच कुठल्यातरी तारखेला जागं होतं. मी रोज हाताने तारीख घालायचे. ज्या दिवशी विसरले त्या दिवशी कालच्या फाइली ‘भविष्यातल्या’ ठरल्या, आणि बांधणारा गोंधळून सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला लागला. असं तीनदा झालं. कर्नलमध्ये कितीही हो-नाही करा, मेलेल्या बॅटरीवर त्याचा उपाय नाही.

आता गोष्टीतला दुसरा माणूस येतो. तो समोरच बसला आहे. नाव घेऊ नकोस असा त्याने सकाळीच दम दिलाय, म्हणून घेत नाही. टीव्ही आणि मिक्सर दुरुस्तीचं त्याचं दुकान आहे म्हटल्यावर बहुतेकांना कळलंच असेल.

त्याच्याकडे जायला मी आठ दिवस लावले. कारण सांगायलाच हवं. नववीत सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी शाळेचा अँप्लिफायर उघडून बसलेला एक मुलगा मी पाहिला होता. मी वर्गाची मॉनिटर. धावत जाऊन सांगितलं. त्याला सगळ्यांसमोर छड्या बसल्या, वडिलांना बोलावणं गेलं. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाला मी भाषण केलं. त्या माइकमधून दरवर्षी जो घूं घूं आवाज यायचा, तो त्या वर्षी आला नाही. माझ्या ते लक्षात आलं होतं. तरी मी कुणाला काही बोलले नाही. पुढे दहावीनंतर त्याने शाळा सोडली आणि मी इंजिनियरिंगला गेले.

दुकानात गेले तर त्याने मान वर न करताच विचारलं, “काय गं मॉनिटर, आज कुणाचं नाव सांगायला आलीस?” मी चिप पुढे केली. तिचा आराखडा छापून नेला होता. त्याने तो दहा मिनिटं पाहिला. मग म्हणाला, “बॅटरी आत पुरलीय होय! ठेवून जा. वरचं स्टिकर आधी जपून काढतो, त्यावर आकडे आहेत.” त्या आकड्यांतच यंत्राचा नेटवर्कचा पत्ता होता. हे मला नेटवर वाचून कळलं होतं. त्याला नुसतं बघून वाटलं की आकडे फेकायचे नसतात.

त्याने हॅक्सॉ ब्लेडने आणि कानशीने चिपचं वरचं आवरण हळूहळू घासलं, मेलेल्या बॅटरीची जोडणी तोडली, दोन बारीक वायरी सोल्डर केल्या आणि बाहेर एक साधा बटन सेल बसवला. तोच, वजनकाट्यात घालतात तो. घरी येऊन मी पत्ता पुन्हा भरला, तारीख घातली, मुद्दाम वीज बंद केली आणि दुसऱ्या दिवशी चालू केली. वेळ बरोबर होती. पैसे विचारले तर म्हणाला, “सेलचे दे.”

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण माझी हुशारी शिल्लक होती. कर्नल बांधून झाला. मी तो जुन्याच्या जागी, जुना पुसून, बसवला आणि यंत्र सुरू केलं. चार ओळी आल्या आणि सगळं थांबलं. कर्नल म्हणत होता, मला मूळ डिस्कच सापडत नाही. रात्री एक वाजता चूक लक्षात आली. डिस्क वाचणाऱ्या तुकड्याला मी ‘हो’ऐवजी ‘लागेल तेव्हा’ म्हटलं होतं. म्हणजे तो तुकडा डिस्कवर होता, आणि डिस्क वाचायला तोच लागत होता. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून घेतलं होतं. आणि जुना कर्नल तर मी पुसूनच टाकला होता.

हे त्याला सांगितलं तर तो हसला नाही. म्हणाला, “अगं, गिऱ्हाइकाचा जुना पार्ट मी आठ दिवस टाकत नाही. नवीन नीट चाललं की मगच.” इंजिनियरिंगच्या चार वर्षांत हे वाक्य मला कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. सीडीवरून यंत्र सुरू करून सगळं पुन्हा केलं. डिस्कला ‘हो’. नवा कर्नल वेगळ्या नावाने, जुना शेजारी तसाच. ही शिस्त मी आजपर्यंत मोडलेली नाही.

२०१० च्या जानेवारीत, ज्या महिन्यात ओरॅकलने सन कंपनी विकत घेतली त्याच महिन्यात, माझा कर्नल चालला. बाबा पलंगावरून बघत होते. त्यांना बोलता येत नसे. वीज आली की काठी आपटून मला कळवायचे, तशी त्यांनी दोनदा काठी आपटली. खरं सांगायचं तर यंत्र फार वेगवान झालं नव्हतं. थोडं लवकर सुरू व्हायचं, काही मेगाबाइट मेमरी वाचली, इतकंच.

मे महिन्यात बाबा गेले. पावसाळ्यात मी मुलाखतीला पुण्याला गेले. “दोन वर्षं काय केलंत?” हा प्रश्न आलाच. मी बाबांबद्दल सांगितलं आणि मग अल्ट्रा ५ बद्दल. घड्याळ, चिप, किल्ली, सगळं. समोरचे पाऊण तास त्यावरच बोलत राहिले. माझ्या बरोबरीचे लोक तोवर दोन पायऱ्या वर गेले होते. मला खालच्या पायरीवर घेतलं, पण घेतलं. आज पंधरा वर्षं मी लहान यंत्रांसाठी कर्नल बांधते. तेच काम : हो, नाही, लागेल तेव्हा.

आता दोन गोष्टी सांगून थांबते.

पहिली त्या मित्रासाठी. अरे, अँप्लिफायरमधला आवाज तू दुरुस्त केला होतास. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. दुकानातही मी ते बोलले नाही, नुसते सेलचे पैसे दिले. आज ज्या शाळेत तुझं नाव सांगितलं होतं, त्याच शाळेत, सगळ्यांसमोर सांगते. माझं चुकलं.

दुसरी शाळेसाठी. सकाळी संगणककक्ष पाहिला. ‘स्लो आहेत’ म्हणून बरीच यंत्रं कपड्याखाली झाकून ठेवली आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आठ दिवस येते. आठवी-नववीची मुलं बरोबर हवीत. पहिल्या दिवशी फक्त पेट्या उघडून भागांची यादी करायची, मेमरी किती, प्रोसेसर चौसष्ट बिटांचा आहे का, डिस्क जिवंत आहे का, ते लिहायचं. चालण्यासारख्या यंत्रांवर हलकं लिनक्स बसवायचं. बाकीच्यांचे सुटे भाग वापरायचे. जुनं काही आठ दिवस टाकायचं नाही. सोल्डरिंग शिकवायला कोण येणार ते मी विचारलेलं नाही, पण त्याने आत्ताच मान हलवली आहे.

फक्त सर, एक विनंती. त्या आठ दिवसांत कुणी मूल एखादं यंत्र उघडून बसलेलं दिसलं, तर मॉनिटरने सांगायला येऊ नये.