पट आवरल्यावर



विद्यार्थ्यांच्या बुद्धिबळ मंडळास पटावरचा शिष्टाचार शिकवावा लागत नाही. हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो; नुसता नीट ठेवावयाचा असल्यास तसे आधी सांगावे लागते. परंतु पट आवरल्यावर ‘मुलीकडून हरलास!’ अशी जी थट्टा चालते, तिच्यावर पंच कोण? वरवर ती हरलेल्याची; खरी अवहेलना जिंकलेल्या मुलीची. १९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा केवढा गदारोळ झाला! अखेर स्त्रियांस मज्जाव करता येणार नाही, असा निर्णय जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना द्यावा लागला. आमचे चालकांस सांगणे इतकेच, की अशी थट्टा तेथल्या तेथे थांबवावी. मुली येईनाशा झाल्यावर विचारपूस करण्यात काय हशील?