बाप्तिस्मा झाला, तरी सुटका नाही

(व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



युरोपातील धर्मछळ हा एका तासात संपणारा विषय नव्हे. १५५३ साली प्रॉटेस्टंटांच्या जिनिव्हात मायकेल सर्व्हेटस या वैद्याला त्रैक्याचा सिद्धांत नाकारल्याबद्दल जिवंत जाळण्यात आले. १५७२ साली पॅरिसमध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी कॅथॉलिकांनी ह्यूगनॉटांची कत्तल केली. त्यांना संरक्षण देणारा नांतचा हुकूम १६८५ साली चौदाव्या लुईने रद्द केला आणि लाखो लोक देश सोडून गेले. या प्रत्येकावर स्वतंत्र व्याख्यान होऊ शकेल. आज मी एकच धागा हाती घेणार आहे. तो स्पेन-पोर्तुगालचा आहे, कारण त्याचे दुसरे टोक आपल्या गोव्यात येऊन पोहोचते.

धर्मछळ म्हटला की आपल्या मनात एक साधे चित्र असते. तलवार मानेवर ठेवली जाते, माणूस घाबरून धर्म बदलतो, आणि मग निदान त्याचा छळ तरी संपतो. स्पेनचा इतिहास सांगतो की छळाचे खरे पर्व त्यानंतर सुरू झाले.

जून १३९१ मध्ये सेव्हिल शहरात ज्यूंच्या वस्तीवर जमाव तुटून पडला. फेरांद मार्तिनेझ नावाचा एक धर्माधिकारी कित्येक वर्षे ज्यूंविरुद्ध चिथावणीची प्रवचने करीत होता, त्याचे हे फळ. दंगलीचे लोण कोर्दोबा, व्हॅलेन्सिया, बार्सिलोनापर्यंत पसरले. जीव वाचविण्यासाठी हजारो ज्यूंनी बाप्तिस्मा घेतला. हे झाले 'कॉन्व्हर्सो', म्हणजे नवख्रिस्ती. आता ते कायद्याने पूर्ण ख्रिस्ती होते. त्यांची मुले शिकली, नगरपालिकांत व दरबारात अधिकारी झाली, काही तर बिशपही झाले. आणि मग जुन्या ख्रिस्ती घराण्यांना ते खुपू लागले.

१४४९ साली तोलेदो शहरात एक ठराव झाला. ज्याच्या अंगात ज्यू रक्त आहे त्याने नगराचे कोणतेही पद भूषवू नये, मग तो कितीही निष्ठावंत ख्रिस्ती असो. पोप पाचव्या निकोलसने त्याच वर्षी या ठरावाचा निषेध केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांत असा भेद करणे त्याच्या धर्मशास्त्रालाच धरून नव्हते. परंतु पोपचा निषेध कागदावर राहिला. पुढे 'रक्तशुद्धी'चे नियम विद्यापीठे, लष्करी पंथ, धर्मपीठे या सर्वांत शिरले. १५४७ साली तोलेदोच्या मुख्य चर्चनेही ते स्वीकारले. नोकरी हवी असेल तर वंशावळ दाखवा, साक्षीदार आणा, आजी-आजोबांच्या गावी चौकशी करवून घ्या! अविलाच्या संत तेरेसा यांना १६२२ साली कॅथॉलिक चर्चने संतपद दिले. त्यांच्या आजोबांना १४८५ साली तोलेदोत ज्यू आचार पाळल्याबद्दल प्रायश्चित्ताचा झगा घालून मिरवणुकीत चालावे लागले होते.

येथे थोडे थांबून बोलतो. रक्तशुद्धीचे हे वर्णन ऐकून युरोपला नावे ठेवणे सोपे आहे. जन्मावरून माणसाला पाणवठ्यापासून आणि मंदिरापासून दूर ठेवण्याचे पाप आपल्या समाजानेही शतकानुशतके केले आहे, आणि ते पाप धुण्याचे काम आपणांपैकी अनेक जण वस्त्यांवस्त्यांतून करीत आहेत. तेव्हा स्पेनकडे बोट दाखविताना ती जाणीव असू द्यावी.

आता त्या यंत्रणेकडे वळू. १४७८ साली पोप चौथ्या सिक्स्टसने फर्डिनांड व इझाबेला या राजदांपत्याला इन्क्विझिशन, म्हणजे धर्मसमीक्षण सभा, नेमण्याची परवानगी दिली. ६ फेब्रुवारी १४८१ रोजी सेव्हिलमध्ये पहिल्या सहा जणांना जाळले. एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. इन्क्विझिशनचा अधिकार मूलतः बाप्तिस्मा झालेल्यांवर चाले. उघड ज्यू असलेल्या माणसावर पाखंडाचा खटला भरता येत नसे, पण ज्याने भीतीपोटी ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्याच्यावर येई. बाप्तिस्म्याच्या पाण्याने माणूस वाचत नव्हता, तो न्यायालयाच्या कक्षेत येत होता.

गुन्हा ओळखायचा कसा? त्यासाठी चर्चमध्ये याद्या वाचून दाखवीत. शेजारी शनिवारी धुतलेले कपडे घालतो का? शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या घरी दिवे लवकर लागतात का? तो डुकराचे मांस टाळतो का, मांसावरची चरबी काढून टाकतो का? शनिवारी त्याच्या धुराड्यातून धूर निघत नाही का? असे काही दिसल्यास ते न सांगणे हाही अपराध. मग मोलकरीण मालकिणीविरुद्ध साक्ष देई, जावई सासऱ्याविरुद्ध. आरोपीला साक्षीदारांची नावे कळत नसत. आपले शत्रू कोण असतील हे त्याने कोठडीत बसून स्वतःच आठवायचे. अटकेबरोबरच मालमत्तेवर जप्ती येई आणि तुरुंगातील त्याच्या जेवणाचा खर्च त्याच मालमत्तेतून वसूल होई. शिक्षा झालेल्यांचे झगे नावानिशी चर्चमध्ये टांगून ठेवीत, म्हणजे नातवंडांनाही लाज वाटावी. १४८२ साली खुद्द सिक्स्टसनेच आरागॉनमधील इन्क्विझिशनबद्दल तक्रार केली की तेथे धर्माच्या कळकळीपेक्षा धनाचा लोभ अधिक आहे आणि वैऱ्यांच्या व नोकरांच्या साक्षींवर माणसे दोषी ठरत आहेत. राजा फर्डिनांडने आक्षेप घेताच पोपने माघार घेतली.

आकड्यांविषयी सावध राहायला हवे. आपल्याकडील भाषणांतून 'लाखो जाळले' असे बिनदिक्कत सांगितले जाते. तसे नाही. १५४० ते १७०० या काळातील ४४,६७४ खटल्यांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, त्यांत प्रत्यक्ष देहान्त शासन ८२६ जणांना झाले आणि ७७८ जणांच्या प्रतिमा जाळल्या गेल्या. आरंभीची भयंकर वर्षे धरून एकूण मृत्युदंड साधारण तीन ते पाच हजार असावेत असा अंदाज आहे. मला विचाराल तर हे आकडे अधिक अस्वस्थ करणारे आहेत. जमावाचा उन्माद दोन दिवसांत ओसरतो. येथे साडेतीनशे वर्षे कारकून, लेखणी, दप्तर आणि मुदती यांच्या बळावर संपूर्ण समाजाला एकमेकांच्या स्वयंपाकघराकडे डोळे लावून बसायला शिकविले गेले. हे कार्यालय १८३४ साली कायमचे बंद झाले.

२ जानेवारी १४९२ रोजी ग्रॅनडाचे मुस्लीम राज्य शरण आले. ३१ मार्चला हुकूम निघाला की सर्व ज्यूंनी जुलैअखेर बाप्तिस्मा घ्यावा अथवा देश सोडावा. सोने, चांदी, नाणी बरोबर नेण्यास बंदी होती. त्यामुळे घरे, मळे मिळेल त्या किमतीस विकावे लागले. ३ ऑगस्टला कोलंबसची जहाजे निघाली. आपली पाठ्यपुस्तके १४९२ म्हटले की तेवढेच सांगतात.

पुष्कळ ज्यू शेजारच्या पोर्तुगालमध्ये गेले. तेथील राजाने डोईपट्टी घेऊन आठ महिन्यांपुरता आसरा दिला. पुढचा राजा मानुएल याने १४९६ साली हकालपट्टीचा हुकूम काढला, पण कारागीर, वैद्य, व्यापारी जाणे त्याला परवडणारे नव्हते. तेव्हा १४९७ साली आई-बापांकडून चौदा वर्षांखालील मुले हिसकावून घेऊन त्यांचा बाप्तिस्मा करण्यात आला, आणि बंदरावर जहाजांची वाट पाहणाऱ्या हजारोंनाही जबरदस्तीने ख्रिस्ती केले गेले. वीस वर्षे तुमच्या श्रद्धेची चौकशी होणार नाही, असे वचनही राजाने दिले. १५०६ साली लिस्बनमध्ये जमावाने सुमारे दोन हजार नवख्रिस्ती मारले. १५३६ साली पोर्तुगालमध्येही इन्क्विझिशन आले.

मुसलमानांच्या वाट्यालाही हेच आले. ग्रॅनडा शरण येताना त्यांना धर्मस्वातंत्र्याचे वचन मिळाले होते. दहा वर्षे पुरी होण्याच्या आत ते मोडले गेले. बाप्तिस्मा दिलेल्या या 'मोरिस्कों'वर १५६७ साली नवा कायदा आला, ज्याने अरबी भाषा, त्यांचा पोशाख, त्यांची स्नानगृहे यांवर बंदी घातली. त्यातून बंड झाले, ते चिरडले गेले, आणि १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्को देशाबाहेर घालविले गेले. कायद्याने ते सारे ख्रिस्ती होते, हे विसरू नका.

आता गोव्याकडे येऊ. स्पेनमधून पोर्तुगालमध्ये आलेल्या अशाच एका निर्वासित कुटुंबात, १५०१च्या सुमारास, गार्सिया द ओर्ता जन्मला. आई-वडील १४९७च्या सक्तीच्या बाप्तिस्म्याने ख्रिस्ती झालेले. तो सालामांका व अल्काला येथे वैद्यक शिकला, लिस्बनमध्ये अध्यापक झाला आणि १५३४ साली भारतात आला. अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) बुऱ्हाण निजामशहाच्या पदरी त्याने वैद्यकी केली. मुंबई बेट त्याला खंडाने मिळाले होते. १५६३ साली गोव्याच्या छापखान्यात त्याचा भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथ छापला गेला. येथील वैद्यांकडून आणि हकिमांकडून शिकलेले तो त्यात मोकळेपणाने नोंदवितो. चार वर्षांत त्याचा लॅटिन अनुवाद झाला आणि युरोपच्या विद्यापीठांतून तो वाचला जाऊ लागला. पोर्तुगालचा महाकवी कामोइंश याची पहिली मुद्रित कविता याच ग्रंथात आहे.

तोवर इन्क्विझिशन गोव्यात पोहोचले होते. ते येथे आणावे, अशी विनंती फ्रान्सिस झेवियर याने १५४६ सालीच पोर्तुगालच्या राजाला पत्राने केली होती. १५६० साली आदिलशहाच्या जुन्या वाड्यात त्याचे कार्यालय थाटले गेले. गोमंतकीय त्या वास्तूला 'व्हडलें घर' म्हणत, आणि ते नाव दबक्या आवाजातच घेत. गार्सिया १५६८ साली अंथरुणावर मेला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जाळण्यात आले. १५८० साली न्यायालयाने मृत गार्सियालाही गुप्त ज्यू म्हणून दोषी ठरविले, त्याची कबर उकरली आणि अस्थी जाळल्या. मेल्यानंतर बारा वर्षांनी!

गोव्यातील हिंदूंचे काय झाले ते येथे बसलेल्यांना ठाऊक आहे. अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ साली गोवा इन्क्विझिशनवर इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ मुळातून वाचावा. मला एवढेच दाखवायचे आहे की गोव्यात वापरलेली हत्यारे आधी युरोपात पाजळली गेली होती. लिस्बनमध्ये १४९७ साली मुले हिसकावली, गोव्यात १५५९ साली हिंदूंची अनाथ मुले पाद्र्यांच्या ताब्यात देण्याचा हुकूम आला. ग्रॅनडात अरबी भाषा बंद केली, गोव्यात १६८४ साली कोकणीवर बंदी घातली. सेव्हिलमध्ये शनिवारच्या कपड्यांची यादी होती, तर १७३६च्या गोव्यातील जाहीरनाम्यात अंगणातील तुळस, लग्नातील हळद, स्त्रियांची चोळी, पुरुषांचे धोतर, इतकेच नव्हे तर हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय भात शिजविणेही निषिद्ध केले. हा जाहीरनामा नवख्रिस्ती झालेल्या गोमंतकीयांसाठी होता. धर्म सोडलेल्या माणसाच्या चुलीवर पाळत होती.

याच काळात आपल्या कोकणात काय होते? अलिबाग, पेण, रोह्याच्या परिसरात ज्यूंची वस्ती होती, आपले बेने इस्राएल बांधव. तेलाचे घाणे चालविणे हा त्यांचा व्यवसाय. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. शेजाऱ्यांच्या हे लक्षात आले नाही असे नव्हे, चांगलेच लक्षात आले. त्यांनी त्यांना 'शनवार तेली' असे नाव ठेवले आणि तेल रविवारी आणले. ज्या खुणेवरून सेव्हिलमध्ये चिता पेटे, त्याच खुणेवरून कोकणात एक आडनावासारखे नाव पडले. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही त्यांची नावे आजही आहेत आणि त्यांची कीर्तनेही मराठीत होत. तिकडे कोचीच्या हिंदू राजाने इबेरियातून आलेल्या निर्वासितांसह ज्यूंना आपल्या राजवाड्याला लागून जागा दिली. तेथील परदेशी सिनेगॉग १५६८ सालचे, म्हणजे गार्सियाच्या मृत्यूच्या वर्षीचे. १६६२ साली पोर्तुगीजांनी त्याचीही नासधूस केली, पुढे ते पुन्हा उभे राहिले.

गोव्याचे इन्क्विझिशन १८१२ साली बंद झाले आणि त्याची बहुतेक दप्तरे नष्ट झाली. गार्सियाचे नाव पुढे पोर्तुगीज राजवटीनेच पणजीतील उद्यानाला दिले, आणि पोर्तुगालने नोटेवरही त्याचे चित्र छापले.

स्पेनने १४९२चा हुकूम औपचारिकपणे रद्द केला तो १९६८ साली. २०१५ साली तेथील संसदेने कायदा केला की त्या वेळी हाकलल्या गेलेल्या ज्यूंच्या वंशजांना स्पेनचे नागरिकत्व मिळेल. २०१९ साली मुदत संपेपर्यंत सव्वा लाखाहून अधिक अर्ज आले. अर्जासोबत वंशावळीचा पुरावा जोडायचा होता. पाचशे वर्षांपूर्वीचा पूर्वज ज्यू होता हे सिद्ध करायचे कसे, हा प्रश्न अनेकांसमोर उभा राहिला. तेव्हा काहींनी जुनी दप्तरखाने धुंडाळली आणि इन्क्विझिशनच्या खटल्याचे कागद शोधून काढले. पणजोबांच्या पणजोबांना शनिवारी धुतलेले कपडे घातल्याबद्दल शिक्षा झाली होती, असे त्यांत कारकुनाने नीट अक्षरात नोंदलेले होते. तोच कागद त्यांनी अर्जाला जोडला.