कंबर सांगते ते ऐकूया

मिरजोळ्यात आम्ही दिवसभर वाकून भात लावायचो आणि घरी येऊन भाकऱ्याही थापायचो. आता तासाभरात कंबर धरते. पण ‘जमत नाही’ म्हणायची लाज! गेल्या लावणीला गटात एकीने ते बोलून दाखवलं आणि सगळ्याच बोलत्या झाल्या. मग कामं वाटली. आम्ही बसून तरवा काढतो, मुठी बांधतो, तरण्या लावतात. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा पद्धतीत तर गादीवाफ्यावर भात टोकतात. चिखलणी नाही, लावणी नाही. यंदा एका कोपऱ्यात ती करून बघणार आहोत. ताकद घटली, तरी तरवा कधी काढायचा ते आजही आम्हालाच विचारतात. तेव्हा बायांनो, दुखणं लपवू नका. गटात बोला.