छप्पर पेलणाऱ्या सहाजणी

स्वयंपाकघरात असाल, गोठ्यात असाल, नाहीतर गटाच्या बैठकीला जमला असाल, जिथं असाल तिथून ऐका. आज आम्ही कर्जाच्या हप्त्यांवर बोलणार नाही. हिशेब मात्र येईल, पण तो चोवीसशे वर्षांपूर्वीचा.

गटाचा माल घेऊन आम्ही मुंबईला प्रदर्शनाला गेलो होतो. एक सकाळ मोकळी मिळाली, म्हणून फोर्ट भागात फिरलो. तिथं हॉर्निमन सर्कलजवळ टाऊन हॉलची पांढरी इमारत आहे, आत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. तीस पायऱ्या चढल्या की समोर जाडजूड खांबांची रांग. आमच्यातली एकजण म्हणाली, "हे देऊळ कुणाचं गं?" सगळ्या हसलो. पण तिचं फारसं चुकलं नव्हतं. १८३३ साली पुरी झालेली ही इमारत इंग्रजांनी बांधली खरी, पण रूप घेतलं ग्रीक देवळाचं.

ग्रीस हा युरोपच्या दक्षिणेचा, समुद्राकाठचा देश. तिथल्या देवळांच्या खांबांच्या तीन तऱ्हा होत्या. साध्या माथ्याचा तो डोरिक. माथ्यावर दोन बाजूंना गुंडाळीसारखी वळणं असलेला तो आयोनिक. माथ्यावर पानंच पानं कोरलेला तो कॉरिंथियन. ही तऱ्हा रोमन लोकांनी उचलली, पुढं सगळ्या युरोपनं उचलली, आणि जिथं जिथं युरोपचं राज्य गेलं तिथं ती गेली. न्यायालय, बँक, संसद असं काही भारदस्त दाखवायचं असेल तर समोर ग्रीक खांब लावायचे, अशी रीतच पडली.

आपला आणि ग्रीकांचा संबंध त्याहून जुना आहे. आयोनिया या त्यांच्या प्रांताच्या नावावरून आपल्याकडे त्यांना 'यवन' म्हणत. आपण एकवीरा आईच्या दर्शनाला जातो, तिथं शेजारीच कार्ल्याचं लेणं आहे. त्यातल्या काही खांबांवर ब्राह्मी लिपीत कोरलंय की हा खांब धेनुकाकटच्या अमुक यवनाचं दान. खांबांची घडण आपल्याकडची, दान यवनांचं. दोन हजार वर्षं होत आली, पण खांब कुणी दिला ते आजही वाचता येतं, कारण ते लिहून ठेवलं.

आता खरी गोष्ट सांगतो. ग्रीसची राजधानी अथेन्स. गावाच्या मधोमध टेकडी आहे, तिला अॅक्रोपोलिस म्हणतात. तिच्यावर अथेना देवीचं मोठं देऊळ आहे, पार्थेनॉन. त्याचं काम इसवी सनापूर्वी ४४७ मध्ये सुरू झालं. त्याच्या जवळच एरेक्थिऑन नावाचं लहान देऊळ आहे. त्याच्या एका ओसरीला खांबच नाहीत. खांबांच्या जागी सहा बाया उभ्या आहेत. दगडाच्या, साडेसात फुटांच्या आसपास उंच, आणि ओसरीचं दगडी छप्पर त्यांच्या डोक्यावर.

आम्ही त्यांची चित्रं गटाच्या बैठकीत दाखवली, तर बायांनी पहिल्यांदा काय ओळखलं? चुंबळ! खरंच, डोकं आणि छप्पर यांच्यामध्ये चुंबळीसारखी गोल गादी कोरलेली आहे. दुसरं पाहिलं ते उभं राहणं. एका पायावर भार, दुसरा गुडघा किंचित वाकलेला. भार पेललेल्या पायावर वस्त्राच्या निऱ्या सरळ खाली येतात, खांबावरच्या पन्हळींसारख्या. आणि मानेमागे केसांच्या जाड वेण्या सोडल्यात. त्या नुसत्या शोभेच्या नाहीत. बाईची मान बारीक, तेवढ्यावर छप्पर ठेवलं तर दगड मोडेल. म्हणून कारागिरानं केसांच्या रूपानं मान जाड केली. चेहऱ्यावर मात्र ओझ्याची आठीसुद्धा नाही. ज्यांनी तीन-तीन घागरी वाहिल्यात त्यांना हे लगेच कळतं.

या देवळाच्या बांधकामाचा हिशेब त्यांनी दगडावर कोरून ठेवला होता. त्याचे तुकडे सापडलेत. कुणाला किती दिवसांची मजुरी, कुणाला एका कोरलेल्या आकृतीचे साठ द्राक्मा, सगळं नावानिशी. रोज साधारण एक द्राक्मा. नागरिक असो, बाहेरून आलेला असो की गुलाम, त्याच कामाला तेवढाच दर. गुलामाची मजुरी बहुधा मालकाकडे जाई, ते वेगळं. हिशेब लिहायला आणलेल्या पपायरसच्या पानांचा खर्चसुद्धा टाकलाय. आमच्या सचिवबाईंना हे ऐकून फार बरं वाटलं. वहीचे पैसे कुठं धरायचे, यावर आमचं दरवर्षी भांडण होतं!

या हिशेबात त्या सहाजणींना काय म्हटलंय? 'कोराय' म्हणजे मुली. बस, एवढंच. पुढं चारशे वर्षांनी वित्रुवियस नावाच्या रोमन माणसानं पुस्तक लिहिलं. त्यात अशा मूर्तींची वेगळीच कथा आली. कॅरिया गावानं शत्रूला साथ दिली, म्हणून तिथल्या बायकांना गुलाम केलं आणि त्यांना कायम भार वाहताना दाखवलं. त्या गावावरून अशा मूर्तींना 'कॅरियाटिड' नाव पडलं, ते आजही चालतं. बांधणाऱ्यांच्या वहीत मुली, आणि मागाहून आलेल्याच्या पुस्तकात शिक्षा भोगणाऱ्या दासी. बांधतेवेळचा हिशेब सापडला नसता तर दुसरी बाजू कळलीच नसती.

त्या अथेन्सच्या बाईचं खरं आयुष्य कसं होतं? देवीच्या पूजेत तिला मान होता. अथेनाची पुजारीण बाईच असे, देवीचं वस्त्र बायका-मुलीच विणत. पण सभेत तिला मत नव्हतं. आणि कायद्यानं एका मापभर जवाच्या किमतीपेक्षा मोठा व्यवहार तिला स्वतःच्या नावावर करता येत नसे. ते माप साधारण पन्नास लिटरचं. देवळाचं छप्पर बाईच्या डोक्यावर, आणि व्यवहार पोतंभर जवाचा.

हे दूरचं वाटतंय का? आमच्या गटातल्या एका ताईंनी गटाचं कर्ज काढून घरावर स्लॅब टाकला. मजुरी करून सगळे हप्ते फेडले. मालक वारले, तेव्हा कळलं की घराच्या उताऱ्यावर ताईंचं नावच नाही. छप्पर त्यांनी पेललं, कागदावर त्या नव्हत्याच. दोन वर्षं खेटे घातल्यावर नाव लागलं.

कागद किती भारी पडतो, ते त्या सहाजणींच्या बाबतीतही दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीसवर तुर्कांचं राज्य होतं. तेव्हा एल्गिन नावाच्या ब्रिटिश वकिलानं पार्थेनॉनच्या मूर्ती काढून नेल्या, त्यांबरोबर या सहाजणींतली एकही नेली. १८१६ साली ब्रिटिश संसदेनं हे सगळं ३५,००० पौंडांना विकत घेतलं. परवानगी होती असं एल्गिन म्हणे, पण मूळ परवाना सापडत नाही, त्याचा इटालियन तर्जुमा तेवढा आहे. ग्रीस आजही मूर्ती परत मागतोय. उरलेल्या पाचजणी धुराने झिजू लागल्या, म्हणून त्यांना आत हलवलं आणि देवळात नकला उभ्या केल्या. आता त्या पाचजणी अथेन्सच्या संग्रहालयात आहेत, आणि सहावीची जागा रिकामी ठेवलीय. गेलेली बहीण लंडनला आहे, तिची वाट बघायची म्हणून.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात दोन कामं करू. एक, ग्रामपंचायतीत जाऊन आपापल्या घराचा उतारा बघू. नवराबायको दोघांची नावं लावता येतात, नसेल तर अर्ज देऊ. दोन, गटाच्या इतिवृत्तात कोण बोललं, कुणी काय काम केलं, ते नावानिशी लिहू. "सर्व महिलांनी" असं लिहून मोकळं व्हायचं नाही.

आपण पेललेलं आपणच लिहायचं. मागून येणारा त्याचं काय करील, सांगता येत नाही.