लिस्बनमधले आठ दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. तीस वर्षे शाळेत शिकवले खरे, पण वर्गात मुले बोलली तर त्यांना बाकावर उभे करता येते. येथे तशी सोय नाही! चिटणीसबाईंनी आग्रहच धरला की तुम्ही दोघी लिस्बनला जाऊन आलात, त्याची हकिगत सांगा. दोघींनी मिळून सांगावी असे ठरले होते. पण माझी मैत्रीण ऐन वेळी मागे सरली. ती समोर पहिल्याच रांगेत बसली आहे. भाषणात माझे नाव घेतलेस तर उठून जाईन, अशी तिची ताकीद असल्यामुळे मी तिला नुसते ‘मैत्रीण’च म्हणणार आहे. तुम्ही सर्वजणी तिला ओळखताच. बाकीचे जे सांगणार आहे ते मात्र तिला विचारूनच सांगते आहे.

आम्ही २०२४ सालच्या एप्रिलमध्ये गेलो. दोघींचीही पंचाहत्तरी जवळ आलेली. दोघींचे मिळून चार गुडघे, त्यांतले दोन नवे. घरच्यांनी विचारले, “जायचेच तर लंडन-पॅरिसला जा, लिस्बनच का?” मी म्हटले, “हिला विचारा.” तिने उत्तर दिले, “एकदा बघून यायचे आहे.” ती मूळची मडगावची, एवढे मला ठाऊक होते. बेचाळीस वर्षांची आमची मैत्री. तेव्हा आणखी काही ठाऊक करून घ्यायचे राहिले असेल, असे माझ्या मनातही आले नाही.

लिस्बन हे पोर्तुगालचे राजधानीचे शहर तेजो नदीच्या मुखाशी आहे. नदी तेथे इतकी रुंद आहे की नवख्या माणसाला समुद्रच वाटावा. शहर टेकड्यांवर वसलेले. सात टेकड्या म्हणतात, पण आमच्या गुडघ्यांनी मोजल्या त्या सतराच्या खाली नव्हत्या! घरांच्या भिंतींना बाहेरून निळ्या-पांढऱ्या चिनीमातीच्या फरशा लावलेल्या आणि पायाखाली बारीक गुळगुळीत दगडांची फरसबंदी. दिसायला फार देखणी, पण पाऊस पडला की साबणासारखी निसरडी. तुमच्यापैकी कोणी जाणार असाल तर चपला नेऊ नका, रबरी तळाचे बूटच न्या.

पहिल्या दिवशी आम्ही शहराचा सखल मधला भाग पाहिला. तेथले रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत आणि त्याला कारण आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी सकाळी, लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमले असताना येथे प्रचंड भूकंप झाला. मागोमाग समुद्राच्या लाटा आत आल्या आणि चर्चमधल्या मेणबत्त्यांनी व घरांतल्या चुलींनी पेट घेऊन कितीतरी दिवस शहर जळत राहिले. राजाचा प्रधान मार्क्विस पोंबाल याने ते नव्याने उभारले. भिंतींच्या आत लाकडाचे पिंजऱ्यासारखे सांगाडे घालून घरे बांधली, म्हणजे जमीन हलली तरी घर कोसळू नये. आराखडा टिकतो की नाही हे पाहण्यासाठी सांगाड्याभोवती शिपायांना पाय आपटत चालवले, असे सांगतात. रस्त्यांना धंद्यांची नावे दिली: सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता. आपल्या पेठांची आठवण यावी. टेकडीवरचे कार्मो मठाचे देऊळ मात्र तसेच ठेवले आहे. कमानी उभ्या, वर छप्पर नाही, नुसते आकाश. तेथे बसून आम्ही डब्यातल्या दशम्या खाल्ल्या.

पुढे रोसियू नावाच्या चौकात मोठे राष्ट्रीय नाट्यगृह आहे. मी फोटो काढू लागले, तर मैत्रीण म्हणाली, “याच जागेवर पूर्वी इन्क्विझिशनची कचेरी होती.” गोव्यात १५६० साली आलेली आणि १८१२पर्यंत, मधली चार वर्षे सोडली तर, अडीचशे वर्षे चाललेली ती चौकशी-कचेरी याच यंत्रणेची शाखा. मी फोटो काढला, पण तो काढताना हात मघासारखा उत्साहाने उठला नाही.

तिसऱ्या दिवशी बेलें या भागात गेलो. येथूनच वास्को-द-गामा हिंदुस्थानाकडे निघाला. त्यानंतर लवकरच, सोळाव्या शतकाच्या आरंभी, राजा मॅन्युएलने येथे जेरोनिमुश मठ बांधायला घेतला. त्याचा खर्च मुख्यतः पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांवरच्या सुमारे पाच टक्के करातून निघाला. खांब असे कोरलेले की दगड नव्हे, लोण्याचे काम वाटावे. त्यांत गलबतांचे दोर, गाठी, समुद्रातल्या वनस्पती. आत राजांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत. दाराशीच एका बाजूला वास्को-द-गामाची समाधी आणि दुसऱ्या बाजूला कवी कामोंइश याची.

मी “किती सुंदर! किती सुंदर!” करीत हिंडत होते. मैत्रीण समाधीपाशी उभी होती. म्हणाली, “हा मेला कोचीला, १५२४ साली. हाडे मागाहून इकडे आणली.” मग खांबांकडे पाहून म्हणाली, “आपल्या मिऱ्यांचे आहे गं हे सगळे.” ती रागाने बोलली नाही. मोलकरणीच्या हिशेबाची वही वाचावी, तसे बोलली.

नदीकाठी बेलेंचा बुरूज आहे. त्याच्या एका टेकूखाली गेंड्याचे झिजलेले डोके कोरलेले दिसते. ती गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गुजरातच्या सुलतानाने अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. अल्बुकर्कने तो गोव्याहून बोटीने राजाला पाठवला आणि १५१५च्या मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळून गेला! पुढे पोपला नजराणा म्हणून पाठवताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले आणि बिचारा साखळदंडासकट मेला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याला न पाहताच नुसत्या वर्णनावरून काढलेले चित्र जगभर गाजले.

जवळच १९६० साली दर्यावर्दींचे दगडी स्मारक उभारले आहे. गलबताच्या आकाराच्या त्या स्मारकावर तेहतीस पुतळे आहेत. त्यांत बाई किती, सांगा पाहू? एक! राणी फिलिपा, आणि तीही राजपुत्र हेन्रीची आई म्हणून. मैत्रीण म्हणाली, “एवढे पुरुष गलबतावर गेले, तर घर कोण चालवत होते ते कोरायचे राहिले वाटते.”

मग आम्ही तेथल्या प्रसिद्ध पेस्ट्रीच्या दुकानात गेलो. १८३७पासून ते दुकान चालू आहे. मठातल्या कपड्यांना खळ करण्यासाठी अंड्यातला पांढरा भाग वापरत. उरलेल्या पिवळ्या बलकाचे काय करायचे, म्हणून ही गोड वाटी निघाली, असे सांगतात. मी अंडे खात नाही. पण केकमधले चालते, त्या न्यायाने दोन खाल्ल्या. घरी कळवू नका.

खरी गोष्ट येथे घडली. वाढणारा मुलगा आला आणि माझी मैत्रीण त्याच्याशी पोर्तुगीज बोलू लागली. एखादा शब्द नव्हे, घडाघडा! तो मुलगा हसून काही विचारतो आहे, ही उत्तर देते आहे. मी बघतच राहिले. बेचाळीस वर्षांत या बाईच्या तोंडून मी त्या भाषेचे एक अक्षर ऐकले नव्हते.

तो गेल्यावर तिने सांगितले. तिचे वडील १९५५ साली सत्याग्रहात धरले गेले. मार खाल्ला, तीन वर्षे आग्वादच्या किल्ल्यात काढली. घरात मिळवते कोणी नाही. आजोबांनी हिला पोर्तुगीज शाळेत घातले, कारण जवळची शाळा तीच होती. पहिली अक्षरे ही त्या भाषेत शिकली. शिकवणाऱ्या बाई प्रेमळ होत्या, पाठ म्हणून दाखवला की हिच्या वेणीत फूल माळायच्या. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. वडील सुटून आले होतेच. त्यांनी घरात सांगितले, “त्यांची भाषा या उंबऱ्याच्या आत नको.” हिने ती टाकली. त्या बाई पुन्हा कधी दिसल्या नाहीत आणि त्यांची आठवणही काढायची सोय उरली नाही.

आता माझी चूक सांगते. मी पटकन म्हटले, “मग आता बोल की मनसोक्त! बाबा थोडेच ऐकायला बसले आहेत?” तिचा चेहरा उतरला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. ट्राममध्येही दुसऱ्या बाकावर बसली. रात्री मेतकूट-भात कालवताना मी म्हटले, “चुकले माझे.” ती म्हणाली, “तू चुकली नाहीस. मला तेथे आनंद झाला, त्याचाच राग आला मला.” भगिनींनो, एवढे प्रामाणिक वाक्य मी फार थोड्या वेळा ऐकले आहे.

दुसऱ्या दिवशी तिनेच सांगितले, “आज अल्जूब.” अठ्ठावीस नंबरच्या पिवळ्या ट्रामने गेलो. त्या ट्राममध्ये खिसेकापूंचा सुळसुळाट असतो. माझ्या पिशवीची चेन कोणी उघडली ते कळलेही नाही, पण पैसे कमरेच्या बटव्यात होते म्हणून बचावले. बटव्याला हसणाऱ्या सुनांना हे जरूर सांगा.

अल्जूब हा कॅथिड्रलजवळचा जुना तुरुंग. एके काळी स्त्री-कैद्यांचा होता. पुढे सालाझारच्या राजवटीत गुप्त पोलिसांनी १९६५पर्यंत तेथे राजकीय कैदी ठेवले. २०१५पासून त्याचे संग्रहालय झाले आहे. जेमतेम एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब अशा कोठड्या आत आहेत. दिवसच्या दिवस झोपू न देणे ही तेथली नेहमीची शिक्षा. मैत्रीण भिंतीवरचे लिखाण वाचून मला मराठीत सांगत होती. सगळी पोर्तुगीज नावे: विद्यार्थी, मजूर, छापखानेवाले. आपले मोहन रानडेही १९५५ साली गोव्यात पकडले गेले आणि त्यांना याच देशात आणून लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात ठेवले. गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षे! ते सुटले १९६९च्या जानेवारीत. तिला ते माहीत होते. पण तिकडच्या माणसांनाही त्यांच्याच सरकारने असे कोंडले होते, हे तिने कोठड्यांसमोर उभे राहून प्रथमच पाहिले.

बाहेर पडताना तिने दाराशी बसलेल्या तरुण मुलीला पोर्तुगीजमध्ये सांगितले, “माझे वडीलही तुरुंगात होते. गोव्यात. आग्वाद.” ती मुलगी खुर्चीवरून उठून उभी राहिली. आम्ही पायऱ्या उतरेपर्यंत उभीच होती.

त्यानंतरचा दिवस २५ एप्रिल. १९७४ साली याच दिवशी तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही एका दिवसात उलथली. त्या सकाळी सेलेस्ते काएइरू नावाची एक बाई, उपाहारगृहात काम करणारी, हातात कार्नेशनची फुले घेऊन घरी चालली होती. उपाहारगृहाचा पहिला वाढदिवस होता, त्यासाठी आणलेली फुले मालकाने वाटून टाकली होती. रस्त्यात एका शिपायाने तिच्याजवळ सिगारेट मागितली. तिच्याजवळ सिगारेट नव्हती, म्हणून तिने फूल दिले. त्याने ते बंदुकीच्या नळीत खोवले. तेव्हापासून त्या क्रांतीचे नावच कार्नेशन क्रांती. आम्ही होतो त्या वर्षी तिला पन्नास वर्षे पुरी होत होती आणि नव्वदीची सेलेस्तेबाई स्वतः मिरवणुकीला आली होती. त्याच नोव्हेंबरमध्ये ती वारली. या क्रांतीनंतरच, ३१ डिसेंबर १९७४ रोजी, पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचे तहाने मान्य केले. आपल्या गोव्याच्या इतिहासातही त्या फुलांचा वाटा आहे.

हमरस्त्यावर लाखाची गर्दी, प्रत्येकाच्या हातात तांबडे फूल. आमच्याच वयाच्या एका बाईने आम्हांला एकेक फूल दिले. मी शिकवल्याप्रमाणे “ओब्रिगादा” म्हटले. बायकांनी ‘ओब्रिगादा’ म्हणायचे आणि पुरुषांनी ‘ओब्रिगादु’. मी पहिले दोन दिवस पुरुषासारखे आभार मानत हिंडले होते! कोठून आलात, असे त्या बाईने विचारले. मैत्रिणीने सांगितले, “गोवा.” बाई गप्प झाली. मग दोघी किती वेळ बोलत होत्या, मी दोन पिशव्या आणि दोन फुले सांभाळत उभी.

मागाहून कळले ते असे. त्या बाईचा भाऊ १९६१ साली गोव्यात शिपाई होता. सालाझारने हुकूम दिला होता की शरण येऊ नका, मरा. गव्हर्नर वासालु-ई-सिल्व्हाने तो मानला नाही आणि माणसे वाचवली. तीन हजारांहून अधिक शिपाई आपल्याकडे युद्धकैदी झाले आणि १९६२च्या मे महिन्यात कराचीमार्गे बोटीने परत गेले. घरी पोचल्यावर त्यांना भेकड ठरवले. भावाने पुढे जन्मभर गोव्याचे नाव काढले नाही. त्यांच्या आईने पाच महिने दारात बसून काढले होते. मैत्रिणीने तिला सांगितले, “माझ्या आईने तीन वर्षे.” एवढेच बोलणे. मग दोघींनी हात धरले.

परत आल्यावर ते फूल तिने पुस्तकात वाळवले. वडिलांच्या तसबिरीपुढे ठेवावे की नाही, हे ठरवायला तिला आठ दिवस लागले. ठेवले. मी विचारले, “काय म्हणाले बाबा?” ती म्हणाली, “काही नाही. पण फूल पडले नाही खाली.”

माझा वेळ संपला, घंटा वाजली. प्रवासाच्या खर्चाची आणि विमानाच्या तिकिटांची चौकशी माझ्याजवळ करा. आणि बटाटा, पाव, साबण, चावी, पगार, मेस्त्री, घमेले, अननस हे सगळे शब्द आपल्याकडे त्याच देशातून आले, त्यांचे खरे उच्चार ऐकायचे असतील तर पहिल्या रांगेतल्या बाईंना विचारा. आता त्या सांगतात.