अध्ययन-अक्षम विद्यार्थी आणि त्याचा अभ्यास



धारेश्वराच्या मंदिरामुळे ओळखली जाणारी धायरी एका पिढीपूर्वीपर्यंत शेतीवाडीचे गाव होते. २०१७ साली गावाचा उरलेला भाग पुणे महानगरपालिकेत आला आणि २०२१ मध्ये नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी ही शेजारची गावेही आली. सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात कामधंद्याच्या निमित्ताने राज्याच्या निरनिराळ्या भागांतील कुटुंबे येऊन स्थायिक झाली आहेत. अशा वस्तीच्या शाळेत एखादे मूल मागे पडले की त्याची कारणे चटकन सुचतात. शाळा मध्येच बदलली, बोली निराळी आहे, घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, गैरहजेरी फार आहे. ही कारणे पुष्कळदा खरी असतात. तथापि त्यांच्या आड आणखी एक कारण लपून राहते आणि ते वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानी येत नाही. ते कारण म्हणजे अध्ययन अक्षमता.

डोळे व कान ठीक आहेत, बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहूनही चांगली आहे, शिकवणेही नीट झाले आहे. असे असूनही वाचन, लेखन वा गणन यांपैकी एखाद्या कौशल्यात मूल सतत अडखळते, तेव्हा या अक्षमतेची शंका घ्यावी. निरनिराळ्या भाषांचा व देशांचा विचार करता, शालेय वयातील शंभर मुलांपैकी ५ ते १५ मुलांना ती कमीअधिक प्रमाणात असते, असे तज्ज्ञ मानतात. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात अशी दोन मुले तरी असण्याचा संभव आहे. त्यांना सामान्यतः ‘ढ’ किंवा ‘आळशी’ ही दोनच विशेषणे मिळतात.

ही गोष्ट नवी नाही. १८९६ साली इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता, परंतु त्याला साधे शब्द वाचता येत नसत. सर्व शिक्षण तोंडी दिले असते तर शाळेतील सर्वांत हुशार मुलगा तोच ठरला असता, असे त्याला अनेक वर्षे शिकवणाऱ्या शिक्षकांचे मत होते. शाळा ज्या एकाच दाराने ज्ञान आत घेते, ते दार या मुलाला बंद होते. आज धायरीतील शिक्षकाने आपल्या वर्गाकडे या दृष्टीने एकदा पाहिले, तर एखादा पर्सी तेथेही सापडेल.

मराठी मुलाची अडचण इंग्रजी मुलासारखीच असते असे मात्र नाही. देवनागरीत जसे लिहिले तसे बहुतांशी वाचता येते, ही मोठी सोय आहे. त्यामुळे असे मूल अडखळत का होईना, पण धडा वाचून पुरा करते आणि शिक्षकांची समजूत होते की त्याला वाचता येते. खरी अडचण गतीची व लेखनाची असते. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चार मात्र नंतर होतो. ‘सूर्य’ या शब्दात र आधी उच्चारला जातो, परंतु त्याची खूण पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाते. ध आणि घ, भ आणि म, थ आणि य यांत फरक तो केवढा! त्यातच सेमी-इंग्रजीचा वर्ग असला, तर एकाच अक्षराचे अनेक उच्चार करणारी दुसरी लिपी त्याच सुमारास समोर येते.

अंकांची गोष्ट याहून निराळी. एकवीस म्हणताना एक आधी, लिहिताना दोन आधी. आणि एकोणतीसमध्ये तर तिसाचे नाव येते, लिहावे लागतात दोन आणि नऊ. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती सुचवली, तेव्हा राज्यभर वादंग झाला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी तिचे समर्थन केले; जोडाक्षरांनी भरलेली संख्यानामे मुलांना अवघड जातात, हे त्यांच्या म्हणण्याचे एक कारण होते. भाषेच्या सौंदर्याविषयी पुष्कळ बोलले गेले. ते बोलणे अस्थानी नव्हते. परंतु बासष्ट ऐकून सव्वीस लिहिणाऱ्या मुलाचा विचार त्या चर्चेत फार थोड्यांनी केला.

अशा विद्यार्थ्याने अधिक चांगला विद्यार्थी व्हावे यासाठी काय करता येईल? अधिक तास बसवणे आणि तोच धडा दहा वेळा लिहून घेणे हा उपाय निश्चित नव्हे. जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत व मोठ्याने म्हणत. डोळा, कान आणि हात यांना एकाच वेळी कामाला लावणारी ही रीत आपण मागासलेली म्हणून सोडून दिली. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन व ॲना गिलिंगहॅम यांच्या नावाने प्रसिद्ध झालेली अध्यापनपद्धती याच तत्त्वावर उभी आहे. रेतीचे ताट प्रत्येक अंगणवाडीला परवडणारे आहे.

मोठ्या मुलाला स्वतःची रीत शोधू द्यावी. वाचताना ओळीखाली पट्टी धरणे, लांब शब्द फोडून वाचणे, धडा आधी कोणाकडून ऐकून मग पुस्तक उघडणे, उत्तर प्रथम तोंडी सांगून नंतर लिहिणे, इतिहासाच्या घटना चित्रांत मांडणे, पंधरा-वीस मिनिटांनी विश्रांती घेणे, या साध्या गोष्टी आहेत. आपल्या नेहमीच्या दहा चुका त्याने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवाव्यात आणि लेखन झाल्यावर तेवढ्याच तपासाव्यात. सर्व चुकांवर एकदम लाल शाई ओतली की मूल लिहिणेच थांबवते.

सवलतींच्या बाबतीत महाराष्ट्राने १९९६ मध्येच पुढाकार घेतला. परीक्षेत अधिक वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, गणनयंत्र, एखाद्या भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, अशी तरतूद होत गेली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ही अक्षमता स्पष्टपणे समाविष्ट झाली. सवलत हा हक्क आहे, उपकार नव्हे. मात्र वरच्या इयत्तेच्या गणिताऐवजी सातवीचे अंकगणित घेण्याची सवलत विचारपूर्वकच घ्यावी. तिच्यामुळे पुढे विज्ञान व तंत्रशिक्षणाची वाट अवघड होते. ज्याला केवळ आकडे उलटसुलट दिसतात, पण भूमितीचा विचार उत्तम कळतो, अशा मुलाचे तिने नुकसानच होईल.

२०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्रासाठी मुलाचे वय किमान ८ वर्षे असावे लागते. अक्षरओळख तर सहाव्या वर्षीच सुरू होते. मधली दोन वर्षे ‘प्रमाणपत्र आल्यावर पाहू’ म्हणून वाया जातात, आणि नेमक्या त्याच काळात मुलाला शाळेची भीती बसते. नेत्र व श्रवण तपासणी करून घेण्यास, रेतीवर गिरवून घेण्यास, वर्गात मोठ्याने वाचण्याची सक्ती थांबवण्यास कोणत्याही मंडळाचा शिक्का लागत नाही. २०२३ मध्ये राज्याने पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा व पुनर्परीक्षेचा नियम केला. त्यामुळे हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. त्याच कागदावर, त्याच पद्धतीने दुसऱ्यांदा परीक्षा घेतल्याने वाचन सुधारत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. जेथे ग्रामपंचायत आहे तेथे पंचायत सदस्यांनी आणि धायरीसारख्या ठिकाणी नगरसेवकांनी या समितीपुढे एक साधी सूचना ठेवावी. भाड्याच्या खोलीत राहणारे कुटुंब वर्षा-दोन वर्षांत दुसरीकडे जाते. मुलाच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला पडतो, त्यावर जन्मतारीख असते, जात असते, ‘वर्तणूक चांगली’ असेही असते. त्या दाखल्याला वर्गशिक्षकांनी एक कागद जोडावा. हे मूल कोणत्या अक्षरांशी अडते, ऐकून त्याला किती कळते, कोणत्या रीतीने ते वाचू लागले होते, एवढेच त्यावर असावे. नव्या शाळेतील शिक्षकाला मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.